रामटेकेभाऊंचा बंद रेडिओ

रामटेकेभाऊंचा रेडिओ बंद पडून अकरा वर्षं झाली. तरी तो रोज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी लागतो.

लागतो म्हणजे असा. भाऊ आंघोळ करून, पांढरा बनियन घालून रेडिओसमोर खुर्ची ओढतात. खटका दाबतात. काचेमागचा पिवळा दिवा तेवढा अजून लागतो, बाकी आत काही शिल्लक नाही. मग ते थांबतात. जुना रेडिओ गरम व्हायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढा वेळ. मग तोंडानं आधी कुंईऽऽ असा आवाज काढतात, मग खरखर, मग पुन्हा कुंई, आणि घसा साफ करून त्या जुन्या नाकातल्या आवाजात स्वतःच बोलायला लागतात. बातम्या, शेतीचा कार्यक्रम, दंतमंजनाची जाहिरात, मधेच हरवलेल्या माणसाची सूचना. आभाळ आलं असेल तर खरखर जास्त करतात. नागपूर आणि रायपूर अशी दोन स्टेशनं त्यांना येतात. नागपूर मराठीत, रायपूर हिंदीत. एकावरून दुसऱ्यावर जाताना मधे कुठलं तरी परदेशातलं स्टेशन ओझरतं लागतं. ते काय बोलतं ते भाऊंनाही कळत नाही.

लाइट गेली की ते अर्ध्या शब्दावर थांबतात. लाइट आली की पुन्हा सुरू करतात, पण सोडलं होतं तिथून नाही. एवढ्या वेळात कार्यक्रम जिथवर पोचला असता तिथून.

मी एकदा विचारलं, "भाऊ, मधलं काय झालं?"

"मधलं गेलं, वैनी. रेडिओ काय कोणासाठी थांबून राह्यते?"

मी त्यांना तोंडावर येडा म्हटलं आहे. एकदा नाही, पुष्कळदा. त्यांना त्याचं काही वाटत नाही. ते म्हणतात, "श्रोत्यांची पत्रं येतच राह्यतात."

भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये आमची दोघांची क्वार्टरं एका भिंतीची. भिंतीच्या अलीकडे आम्ही मेश्राम, पलीकडे रामटेके. मागं दोघांचं अंगण, अंगणाला मागचं दार, दाराबाहेर गल्ली. आम्ही दोन्ही घरं भंडाऱ्याकडची. माझा नवरा पुंडलिक आणि देवाजी रामटेके एकाच महिन्यात इथल्या स्टील प्लांटमध्ये लागले. माझा नवरा कोळशाच्या भट्ट्यांवर, रामटेके रोलिंग मिलमध्ये क्रेनवर. क्रेनचा माणूस पार वर, छताला लागून, एका पेटीत एकटा बसतो. खालचे लोक हातानं खुणा करतात, तो वरून लोखंड उचलतो. आठ तास कोणाशी बोलणं नाही. रामटेके वर बसून आदल्या दिवशी रेडिओवर ऐकलेलं सगळं तोंडपाठ म्हणायचे. असं म्हणून म्हणूनच त्यांना वर्षानुवर्षांचे कार्यक्रम पाठ झाले आहेत. त्यांची बायको गेली आणि वर्षाच्या आत रेडिओही गेला. मुलगा हैदराबादला असतो, रविवारी फोन करतो. रामटेक्यांनी बायकोपेक्षा रेडिओचं दुःख जास्त केलं, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं काय ते मला माहीत नाही. मला सांगायला बरं वाटायचं.

कारण मी त्यांच्यावर जळत होते. आता या वयात दुसरा शब्द कशाला शोधायचा. जळतच होते.

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा आमच्या ओळीत रेडिओ एकट्या रामटेक्यांकडे होता. शिफ्टवरून आलं, हातपाय धुतले, चहा घेतला की माझा नवरा भिंतीपलीकडे. सकाळची शिफ्ट असेल तर संध्याकाळी, दुपारची असेल तर सकाळी. तिकडे ते हसायचे. माझ्या नवऱ्याचं हसणं मी समोर बसून कधी ऐकलं नाही, भिंतीतून ऐकलं. घरी आले की भात दे, पाणी दे, शिफ्टची वेळ झाली, एवढंच.

"कशावर हसत होते तुमी एवढे?"

"तुले सांगून नाई समजणार. ऐका लागते ते."

"मंग मी येऊ ऐकाले?"

"तू आली तं स्वयंपाक कोण करन?"

पुढं आमच्याकडेही रेडिओ आला. मीच हट्टानं घ्यायला लावला. नवरा म्हणाला, याचा आवाज देवाजीच्या रेडिओसारखा नाही. आणि गेला पलीकडे. आमच्या रेडिओवर मी एकटी भाजी निवडत बसायची. तोच कार्यक्रम, तीच वेळ. भिंतीपलीकडून हसणं आलं की मला कळायचं, आत्ता जे झालं ते हसायचं होतं.

दुसरी गोष्ट पेपरची. तीन घरांत मिळून नागपूरचा एक मराठी पेपर यायचा. रेल्वेनं यायचा, म्हणून एक दिवस शिळा. आधी रामटेके, मग कोपऱ्यातले एक मास्तर, मग आम्ही. माझ्या हातात येईपर्यंत त्याला एक खिडकी पडलेली असायची. त्या पेपरात रोज तीन चौकटींची एक चित्रपट्टी यायची, तिच्यावर भाऊंचा जीव. दाढी करायच्या ब्लेडनं कापून ते ती क्रेनच्या जुन्या लॉगबुकात चिकटवायचे. पट्टीच्या मागं काय छापलं होतं ते मला आजवर कळलेलं नाही. कितीतरी वर्षांच्या बातम्या मी खिडकी सोडून वाचल्या.

ती पट्टी जमादार ढेकळे नावाच्या माणसाची होती. पोट सुटलेला जमादार आणि काडीसारखा चोर. पहिल्या चौकटीत जमादार चोरामागं धावतो. दुसरीत काहीतरी घोळ होतो, केळीची साल, गाईचं शेपूट, काहीही. तिसरीत जमादार रिकाम्या हातानं घरी येतो आणि दारात जमादारीण कमरेवर हात ठेवून उभी. रोज हेच. रोज माझा नवरा तिसऱ्या चौकटीला हसायचा. मी एकदा ते लॉगबुक पाहिलं. पानोपानी ती बाई दारात उभी. मी म्हटलं, हिचं काय चुकलं? हिनं स्वयंपाक करून ठेवला असेल, आणि हा मेला गावभर धावून उशिरा आला असेल. दोघे माझ्याकडे बघायला लागले आणि मी पाठ वळवल्याबरोबर एकदम हसले. त्यानंतर कितीतरी वर्षं मी ते लॉगबुक हातात घेतलं नाही.

भाऊंच्या बंद रेडिओवर ती चित्रपट्टीसुद्धा येते. सामन्याचं वर्णन सांगतात तशी. "चोर डावीकडून निघाला आहे, जमादार त्याच्या मागं, अंतर फार थोडं, आणि जमादाराची टोपी पडली आहे, टोपी पडली आहे." खऱ्या रेडिओवर असं काही नव्हतं. मी म्हटलं तर म्हणाले, "स्टेशन माह्यं हाय, वैनी."

आता माझ्या नवऱ्याचं सांगते. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग जेवण. जेवून हात धुतले की विचारायचे, आज काही शिजलं नाही का? मग एक दिवस दुपारी डबा मागितला आणि सायकल काढली. दुपारच्या शिफ्टला निघाले होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी सायकलची हवा काढून टाकली. डॉक्टर म्हणाले, याला फार औषध नाही, जुन्या गोष्टी बोलत राहा, रोज एकाच वेळी एकच काम करू द्या.

रोज एकाच वेळी एकच काम म्हणजे काय, तर रामटेक्यांचा रेडिओ. सहा वाजले की हे टोपी घालून पलीकडे. साडेसातला परत. मी जाऊ दिलं. त्याच वेळी आमच्याकडे नळ येतो, सहा ते सात. बादल्या, हंडे, ड्रम भरायचे असतात. नळाखालच्या बादलीच्या आवाजात पलीकडचं अक्षर ऐकू येत नाही, आणि मला ऐकायचंही नव्हतं.

पण एक गोष्ट माझ्याकडे होती, ती रामटेक्यांकडे नव्हती. हे परत यायचे, मी दारात उभी असायची, आणि हे विचारायचे, "शेवंता, गुडघा दुखते काय?"

रोज. चुकायचे नाहीत. वार विसरले, मुलीचं गाव विसरले, स्वतःचं वय विसरले, पण माझं नाव आणि माझा गुडघा विसरले नाहीत. मुलगी वंदना नागपूरहून फोन करायची, बाबा कसे आहेत म्हणून. मी सांगायची, बाबा सगळं विसरतील, मला नाही विसरणार. हे सांगताना मी जरा मोठ्यानं बोलायची, पलीकडे ऐकू जावं म्हणून. जन्मभर तुमच्याकडे हसले ना, आता बघा, नाव कोणाचं लक्षात राहिलं.

मग या होळीच्या सुमारास एक दिवस हे पलीकडून लॉगबुक घेऊन आले. मला खुर्चीवर बसवलं, पान उघडलं, तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.

"हे पाह्य. हे आमची शेवंता."

"आन मी कोण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाहुण्या बाईकडे बघतात तसं. मग पान उलटलं.

रात्रभर माझ्या डोक्यात एकच. माझ्या नवऱ्याला हा माणूस रोज माझ्यावर हसवतो. मला कागदातली बाई करून ठेवली. दुसऱ्या दिवशी नळाला बादली लावली आणि तशीच सोडून, लॉगबुक काखेत घालून मागच्या गल्लीनं रामटेक्यांच्या अंगणात गेले. ठरवून गेले होते की हे पुस्तक तोंडावर फेकायचं आणि सांगायचं, उद्यापासून माझा नवरा इथं येणार नाही.

मधलं दार उघडं होतं. दोघे पाठमोरे बसलेले. रेडिओचा दिवा लागलेला. कुंई झालं, खरखर झाली आणि बातम्या सुरू झाल्या.

"नमस्कार. देवाजी रामटेके बातम्या देत आहे. आज बुधवार. प्रथम ठळक बातम्या. भट्टी विभागाचे श्री. पुंडलिक मेश्राम हे सेवानिवृत्त झाले असून त्यांना आज कोणत्याही शिफ्टला जायचे नाही. त्यांच्या जागेवर दुसरा माणूस लागला आहे आणि काम व्यवस्थित सुरू आहे."

"बरं झालं," माझा नवरा म्हणाला.

"श्री. मेश्राम यांच्या घरी ज्या बाई आहेत, त्या पाहुण्या नाहीत. त्या त्यांच्या पत्नी असून त्यांचे नाव शेवंता आहे. रंग सावळा, बांधा स्थूल, आवाज मोठा. उभयतांच्या लग्नाला पन्नास वर्षे होऊन गेली आहेत. शेवंताबाईंचा डावा गुडघा दुखत असून घरी गेल्यावर त्याची विचारपूस करावी, असे जाणकारांचे मत आहे."

"विचारतो," माझा नवरा म्हणाला.

"कालच्या वरणात मीठ जास्त पडल्याचे वृत्त आहे. याविषयी घरी बोलू नये."

"बोलत नाई."

मिठाचं वृत्त यांनीच दिलं असणार. तेवढं बरोबर लक्षात राहिलं होतं.

मग चित्रपट्टी लागली. लॉगबुक माझ्या काखेत होतं, पण भाऊंना ते लागत नाही. "तिसरी चौकट. दार. दारात एक बाई उभी आहे. श्रोते हो, तुमच्या घरी गेल्यावर दारात अशी कोण उभी राहते?"

माझा नवरा विचार करायला लागला. मी भिंत धरली. रेडिओवर बोलणारा माणूस थांबून राहिला होता. जो लाइट गेल्यावर मधलं सांगत नाही, तो थांबून राहिला होता.

"शेवंता," माझा नवरा म्हणाला.

"बरोबर."

मी दारात पुढं झाले. यांनी वळून बघितलं आणि तोंडभर हसले. "हे पाह्य, देवाजी. शेवंता आली."

पन्नास वर्षांत मला बघून ते इतके खूश झालेले मला आठवत नाही. आणि मला ते घेता आलं नाही. आत्ताच शिकवलेला धडा होता तो.

मी भाऊंना अंगणात बोलावलं.

"हे केव्हापासून?"

"दिवाळीच्या आंधीपासून."

"मले कावून नाई सांगतलं?"

भाऊ खाली बघत होते. "काय सांगू, वैनी? एक दिवस इथं बसल्या बसल्या मले म्हणे, देवाजी, माह्या घरी एक बाई राह्यते. जेवाले देते, डोक्याले तेल लावून देते. चांगली हाय बिचारी. पण कोणाची बायको हाय ते विचाराले मले लाज वाटते. मी म्हटलं, अबे, तुहीच बायको ते. तं म्हणे, तू मजाक करून राहिला. मंग मी रेडिओ लावला. रेडिओवर खोटं सांगत नाई, एवढं त्याले पक्कं ठाऊक हाय."

कोणी म्हणेल, त्या वेळी मला रडू यायला हवं होतं, किंवा त्यांचे उपकार मानायला हवे होते. मला तसलं काही झालं नाही. मला एवढंच वाटलं की भात मी घातला, पोरगी मी वाढवली, तीन शिफ्टांचे डबे मी केले, आणि माझं नाव माझ्या नवऱ्याच्या तोंडात घालतो हा माणूस. हसणं त्याच्याकडचं होतंच. आता शेवंतासुद्धा त्याच्याकडची.

"उद्यापासून ते येणार नाईत," मी म्हटलं.

भाऊ म्हणाले, "बरं."

एवढंच म्हणाले. भांडले असते तर मी जरा सुटले असते.

पहिल्या दिवशी सहाला मी दाराला कुलूप घातलं आणि यांच्यासमोर बसले. म्हटलं, "मी शेवंता. तुमची बायको." ते म्हणाले, "बरं बाई." मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा म्हणाले, "बरं बाई." दहादा सांगितलं. दहाव्यांदा म्हणाले, "हो, पण आता रेडिओची वेळ झाली."

दुसऱ्या दिवशी मी पडद्यामागं बसले आणि तोंडानं कुंई केलं. खरखर केली. मला खोकला आला. मग मोठ्यानं म्हटलं, नमस्कार, आज शुक्रवार, पुंडलिक मेश्राम यांच्या बायकोचं नाव शेवंता. पडद्यापलीकडून आवाज आला, "अवो बाई, सुई नीट लावा. दुसरंच स्टेशन लागून राहिलं." मी आणखी मोठ्यानं सांगितलं. ते म्हणाले, "लय ओरडते हे. बंद करा."

तिसऱ्या दिवशी काही बोललेच नाहीत. भिंतीला खुर्ची लावून बसले. मीही ऐकत होते. नळ बंद करून ऐकत होते. पलीकडून काहीच येत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी यांच्या डोक्याला तेल लावत होते. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि हात जोडले.

"बाई, तुमी लय केलं माह्यं. पण तुमच्या घरचे वाट पाहत असतीन. तुमी जा आता. माही बायको येते."

"कोण बायको? नाव काय तिचं?"

त्यांनी पुष्कळ विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या.

"नाव रेडिओवर सांगतात," ते म्हणाले.

मी तेलाची वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि पलीकडे गेले.

रामटेकेभाऊ खुर्चीवर बसले होते. रेडिओचा दिवा बंद. मला बघून उठले, तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. पाणी प्यायले, पुन्हा बोलायला गेले. नुसती हवा. तिसऱ्यांदा कुठं, गंजलेलं फाटक उघडावं तसा आवाज आला, "बसा, वैनी."

"सर्दी झाली काय?"

"नाई. वापरला नाई ना."

चार दिवस त्या माणसाच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. मुलाचा रविवारचा फोन रात्री यायचा होता, आणि दुसरं बोलायला होतं कोण. मी चार दिवस माझ्या नवऱ्याला कुलपात ठेवलं असं समजत होते. कुलूप दोन घरांना लागलं होतं.

"रेडिओ लावला नाई?"

"कोणासाठी लावू?"

मी उभीच राहिले. बसले असते तर वेगळं काही बोलून गेले असते. म्हटलं, "उद्या सहाले पाठवतो त्याईले. पण मिठाची बातमी द्याची नाई."

"मंग मीठ कमी टाका."

"आन स्थूल म्हणाचं नाई."

"रेडिओवर खोटं नाई चालत, वैनी."

दुसऱ्या दिवशी नळाखाली ड्रम लावून मीही गेले. बातम्यांत काय सांगतात ते स्वतः ऐकायचं होतं. भाऊंनी तिसरी खुर्ची मांडली. मला स्थूल म्हणाले, पण आधी "कष्टाळू" जोडलं. मीठ गाळलं. माझा नवरा ऐकत होता, मान हलवत होता, चित्रपट्टीला हसला. इतक्या वर्षांनी ते हसणं मी पहिल्यांदा समोर बसून बघितलं. खालचा ओठ आधी हलतो. मला माहीत नव्हतं.

बातम्या संपल्या तसे ते उठले. टोपी नीट केली. माझ्याकडे वळून अदबीनं म्हणाले, "बसा बाई तुमी. मी निघतो. शेवंता घरी वाट पाहून राहिली असन." आणि पुढच्या दारानं गेले.

मी तिथंच बसून राहिले. मला त्या शेवंताचा इतका हेवा वाटला की उठणं सुचेना. तिच्यासाठी लगबगीनं जात होते ते. माझ्यासाठी असे कधी गेले नव्हते. मग भिंतीपलीकडून हाक आली, शेवंता. पुन्हा हाक आली. मी जाईपर्यंत ते रिकाम्या घराच्या पायरीवर बसले होते.

म्हणजे ते असं आहे. दारात उभी असले तर मी शेवंता. खुर्चीवर शेजारी बसले तर कुठली तरी बाई.

तेव्हापासून चित्रपट्टी संपली की मी गुपचूप उठते आणि मागच्या दारानं गल्लीत उतरते. आमच्या मागच्या दारातून अंगण ओलांडून, घरात शिरून, पुढच्या दाराची कडी काढून तिथं उभं राहायचं असतं, हे यायच्या आत. हे पुढच्या रस्त्यानं येतात, दोन फाटकं लावत, सावकाश. तरी माझा गुडघा त्यांच्यापेक्षा सावकाश. ही गोष्ट पहिल्या दिवशीच भाऊंच्या लक्षात आली असावी, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या रेडिओवर चित्रपट्टीनंतर हवामान लागायला लागलं.

हवामान जिल्ह्याजिल्ह्याचं असतं. दुर्ग, आकाश निरभ्र. बालोद, आकाश निरभ्र. बेमेतरा, राजनांदगाव, कवर्धा, धमतरी. छत्तीसगडात अलीकडे जिल्हे पुष्कळ झाले ते बरं झालं. माझा नवरा अर्धवट उठलेला असतो, पण हवामान पुरं झाल्याशिवाय निघत नाही. भट्टीवर जाणारा माणूस, पाऊस आहे की नाही हे ऐकूनच निघायची सवय. भाऊ एकेक जिल्हा सांगतात आणि कान भिंतीकडे ठेवतात. माझी कडी वाजली की ज्या जिल्ह्यात असतील तिथं हवामान संपतं. हे निघतात. मग दुसऱ्या दिवशी सहापर्यंत भाऊंकडे कोणी येत नाही. हे माहीत असून ते रोज कडीचा आवाज ऐकल्याबरोबर थांबतात, एक जिल्हा जास्त घेत नाहीत.

परवा माझा गुडघा फारच धरला. आमच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाला धरून उभी राहिले, पाऊल उचलेना. भिंतीपलीकडे जशपूर झालं, कांकेर झालं, बस्तर झालं, सुकमा झालं. छत्तीसगड संपलं. आता हे निघणार, आणि दार रिकामं. पेला ठेवल्याचा आवाज आला. मग भाऊ त्याच नाकातल्या आवाजात म्हणाले, "गोंदिया, आकाश निरभ्र. भंडारा, आकाश निरभ्र."

मी झाड सोडलं आणि भिंतीला धरत निघाले. कडी काढली तेव्हा ते चंद्रपूरला पोचले होते.